पीएफच्या जोडीला एनपीएस: मुंबईतल्या पगारदारासाठी परीक्षण

निकाल आधी. ज्याच्या पगारातून पीएफ कापला जातो त्याने दुसरं निवृत्तीखातं म्हणून एनपीएसचं, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचं, टियर 1 (मुख्य निवृत्ती) खातं जरूर उघडावं. पण त्यात स्वतःच्या बँकेतून पैसे भरण्याआधी तेच पैसे कंपनीच्या हातून भरून घेता येतात का, हे बघावं. खातं तेच, फंड तोच, गुंतवणूकही तीच. पैसा कुठल्या दारातून आत गेला यावर मात्र कराचं सगळं गणित फिरतं, आणि बहुतेक जण चुकीच्या दाराने पैसे भरतात.

दोन्हीकडे एकाच वेळी पैसे भरता येतात का, अशी शंका नेहमी येते. येतात. पीएफ 1952 च्या कायद्याने सुरू झाला आणि त्याचा कारभार ईपीएफओ, म्हणजे कर्मचारी भविष्य निधी संघटना बघते. एनपीएस 1 मे 2009 पासून सर्व नागरिकांना खुली आहे आणि तिच्यावर पीएफआरडीए या पेन्शन नियामकाचं नियंत्रण आहे. एकात असणं दुसऱ्याच्या आड येत नाही. पीएफचा यूएएन आणि एनपीएसचा पीआरएएन हे 12 आकडी नंबर वेगळे, लॉगिन वेगळं, नॉमिनीही वेगळा भरावा लागतो.

पीएफ: पाया पक्का, पण उंची बघून घ्या

दुसऱ्या खात्यात किती टाकायचं हे पहिल्यात किती जातं यावर ठरतं. म्हणून सॅलरी स्लिप काढा आणि पीएफच्या रकान्यात 1,800 लिहिलंय की बेसिकचे 12 टक्के, ते बघा. कायद्याची पगारमर्यादा सप्टेंबर 2014 पासून 15,000 रुपये आहे, आणि अनेक कंपन्या त्यावरच्या 12 टक्क्यांवर, म्हणजे 1,800 वर थांबतात.

बेसिक 60,000 धरा. पूर्ण बेसिकवर कपात असेल तर तुमचे 7,200 आणि कंपनीचे 7,200. कंपनीच्या हिश्शातले 1,250 पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएसमध्ये जातात आणि 5,950 पीएफमध्ये. महिन्याला पीएफमध्ये साठतात 13,150. कपात 1,800 वर अडकलेली असेल तर तुमचे 1,800 आणि कंपनीचे 550 मिळून फक्त 2,350. दोघांच्याही स्लिपवर ‘पीएफ’ असंच लिहिलेलं असतं, पण तीस वर्षांनी हातात येणाऱ्या रकमा जमीनअस्मानाच्या फरकाच्या असतात.

ईपीएसवर भिस्त ठेवून दुसरं खातं टाळणाऱ्यांनी सूत्र एकदा कागदावर मांडावं: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. पगार 15,000 ला बांधलेला. सेवा 35 वर्षं धरली तरी पेन्शन येते महिना 7,500 रुपये, आणि ती महागाईबरोबर वाढत नाही. मुंबईत राहून म्हातारपण काढायचं असेल तर ही रक्कम घरखर्चाच्या एका कोपऱ्यालाच पुरेल. शिवाय 1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदा नोकरीला लागून सुरुवातीपासूनच 15,000 च्या वर पगार असणाऱ्यांना ईपीएस लागूच नाही. त्यांच्या कंपनीचा पूर्ण हिस्सा पीएफमध्ये जायला हवा. पासबुकात तरीही पेन्शनच्या रकान्यात 1,250 दिसत असतील तर ती चूक आहे आणि ती नोकरीत असतानाच दुरुस्त करून घ्यावी. पेन्शनच्या रकान्यावर व्याज मिळत नाही, त्यामुळे जितका उशीर तितका घोळ मोठा.

बाकी सेवा म्हणून पीएफ पूर्वीपेक्षा खूप सुधारला आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवं. व्याजदर 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षांसाठी 8.25 टक्के राहिला. जून 2025 पासून 5 लाखांपर्यंतचे आगाऊ रकमेचे दावे आपोआप निकाली काढण्याची सोय झाली. बँक खातं जोडायला कंपनीची मंजुरी आणि चेकचा फोटो लागायचा, तेही एप्रिल 2025 पासून गेलं. सुरक्षित, करमुक्त आणि न विसरता दरमहा होणारी इतकी चांगली बचत पगारदाराला दुसरीकडे मिळत नाही.

दोन दारं

एनपीएसमध्ये पैसा दोन वाटांनी येतो. एक, तुम्ही स्वतः भरता तो. दुसरी, कंपनी तुमच्या नावाने भरते तो.

स्वतः भरलेल्या पैशावर वर्षाला जास्तीची 50,000 ची वजावट मिळते, ती 80सी कलमाच्या नेहमीच्या दीड लाखाच्या वजावटीच्या वर. पण फक्त जुन्या करप्रणालीत. तिथे 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकरासह 15,600 रुपये वाचतात. नव्या प्रणालीत या पैशावर एक रुपयाही वजावट नाही. नवी प्रणाली 2023-24 पासून आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर मागून घ्यावी लागते. तरीही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नव्या प्रणालीतली माणसं कर वाचेल या समजुतीने 50,000 भरतात, आणि ते पैसे कितीतरी वर्षं अडकतात. बचत म्हणून वाईट नाही, पण ज्या कारणासाठी भरले ते कारणच तिथे नसतं.

कंपनीने भरलेला पैसा मात्र नव्या प्रणालीतही वजा होतो, बेसिक अधिक महागाई भत्त्याच्या 14 टक्क्यांपर्यंत. जुन्या प्रणालीत खासगी नोकरदाराला ही मर्यादा 10 टक्के आहे. याला 1961 च्या कायद्यात 80सीसीडीचं पोटकलम 2 म्हणतात. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आकडे बदलतात, म्हणून पगार विभागाशी बोलताना ‘कंपनीचा एनपीएस हिस्सा’ असं सरळ म्हटलेलं बरं.

हे किती मोठं आहे ते 2025-26 च्या दरांनी बघू. वर्षाचा करपात्र पगार 13,50,000, बेसिक महिना 55,000. प्रमाणित वजावट 75,000 गेली की उरतात 12,75,000. कर 71,250, उपकर धरून 74,100. आता याच पगारातल्या स्पेशल अलाउन्समधून बेसिकचे 14 टक्के, म्हणजे महिना 7,700, वर्षाचे 92,400 कंपनीने एनपीएसमध्ये वळवले असं धरा. करपात्र उत्पन्न 11,82,600 वर येतं, 12 लाखांच्या आत, आणि सवलतीमुळे कर शून्य होतो. वर्षाला हातात येणारी रक्कम फक्त 18,300 ने कमी झाली, महिन्याला 1,525, आणि निवृत्तीखात्यात 92,400 जमा झाले. प्रत्येकाला एवढा फायदा होणार नाही. हा माणूस नेमका 12 लाखांच्या काठावर आहे. पगार 15 लाख, बेसिक 60,000 असेल तर वर्षाच्या 1,00,800 वर वाचतात सुमारे 15,725. तेही स्वतःच्या खिशातून भरून न मिळणारेच.

कंपनीला यात खर्च वाढत नाही, कारण एकूण सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा खर्च, तेवढाच राहतो. बेसिकला हात लागत नसल्याने पीएफ आणि ग्रॅच्युइटीही तशीच राहते. म्हणून एचआरकडे जाताना ‘पगार वाढवा’ असं नव्हे, ‘स्पेशल अलाउन्समधून वळवा’ असं मागावं. कंपनी आधीच नोंदणीकृत असेल तर काम एका अर्जाचं. नसेल तर कंपनीला एखाद्या बँकेमार्फत किंवा अन्य पॉइंट ऑफ प्रेझेन्समार्फत (एनपीएसचं काम करणाऱ्या अधिकृत संस्थेमार्फत) एकदाच नोंदणी करावी लागते. बहुतेक ठिकाणी हा बदल एप्रिलमध्येच करू देतात, त्यामुळे फेब्रुवारीतच विचारायला सुरुवात करावी. मोठ्या पगारवाल्यांनी एक मर्यादा ध्यानात ठेवावी: पीएफ, एनपीएस आणि सुपरॲन्युएशन (कंपनीचा वेगळा निवृत्ती फंड) मिळून कंपनीचा हिस्सा वर्षाला साडेसात लाखांच्या वर गेला तर वरचा भाग करपात्र होतो.

खातं उघडताना

ई-एनपीएस या ऑनलाइन पोर्टलवर खातं उघडायला आधार, पॅन, बँक खातं, सहीचा आणि चेहऱ्याचा फोटो लागतो. आधारला जोडलेला मोबाइल हातात हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. नोंदी ठेवणारी संस्था निवडावी लागते: प्रोटीअन, केफिनटेक किंवा कॅम्स. परताव्यावर या निवडीचा काही परिणाम होत नाही. मग पेन्शन फंड आणि गुंतवणुकीची वाटणी. ऑटो चॉइसमध्ये वयानुसार शेअरचा हिस्सा आपोआप उतरत जातो. ॲक्टिव्ह चॉइसमध्ये, म्हणजे वाटणी स्वतः ठरवली तर, नेहमीच्या योजनेत शेअर 75 टक्क्यांपर्यंत ठेवता येतात. ज्याचा पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जातो त्याच्याकडे ठरावीक व्याजाचा पैसा आधीच भरपूर साठतोय. त्याने एनपीएसमध्येही सरकारी रोख्यांचाच भरणा करणं म्हणजे एकच वस्तू दोनदा घेणं. चाळिशीच्या आतल्याने 75 टक्के शेअर ठेवावेत, असं स्पष्ट मत आहे. वाटणी आर्थिक वर्षात चार वेळा बदलता येते, फंड एकदा. ऑक्टोबर 2025 पासून 100 टक्के शेअरच्या योजनाही आल्या आहेत, पण त्यांचा वार्षिक खर्च 0.30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. नेहमीच्या योजनांचा खर्च 0.1 टक्क्याच्या आसपास असतो, आणि तीस वर्षं पैसा ठेवायचा असताना हा फरक नगण्य नाही.

खातं उघडताना टियर 2 ची, म्हणजे कधीही पैसे काढता येणाऱ्या जोडखात्याची, खूण आपोआप पडलेली असेल तर काढून टाका. टियर 2 मधल्या पैशावर खासगी नोकरदाराला कसलीच वजावट नाही. चुकून तिकडे पैसे गेलेच तर टियर 2 मधून टियर 1 मध्ये वळवण्याची एकतर्फी सोय आहे, उलट दिशेने नाही.

पैसे कसे भरता यावरही खर्च ठरतो. 5,000 रुपये बँकेच्या शाखेतून भरले तर 30 रुपये आणि वर जीएसटी. ई-एनपीएसवरून भरले तर 15 आणि जीएसटी. दरमहा भरणाऱ्यासाठी सगळ्यात सोयीचं म्हणजे डी-रेमिट, बँकेतून थेट पैसे पाठवण्याची सोय. लॉगिन करून टियर 1 साठी व्हर्च्युअल खाते क्रमांक काढायचा, तो नेटबँकिंगमध्ये लाभार्थी म्हणून जोडायचा आणि पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची स्थायी सूचना लावायची. एका वेळी किमान 500 रुपये लागतात. कामकाजाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आत पैसे ट्रस्टी बँकेत (एनपीएसचे पैसे जमा होतात त्या बँकेत) पोचले तर त्याच दिवसाच्या दराने युनिट मिळतात. पेमेंट गेटवेने गेलेले पैसे पोचायला दिवस-दोन दिवस लागतात. 31 मार्चला दुपारी भरलेले पैसे कुठल्या वर्षात मोजले जातील याची धास्ती त्यामुळेच येते. 20 मार्चच्या पुढे ढकलूच नये. वर्षाला किमान 1,000 रुपये भरले नाहीत तर खातं गोठतं, हेही ध्यानात असू द्या.

आणि आधीपासून पीआरएएन असेल तर कंपनीसाठी नवा काढू नका. जुना नंबर एचआरला द्यायचा आणि सेक्टर बदलण्याचा अर्ज भरायचा; खातं कंपनीशी जोडलं जातं. नोकरी सुटली की तेच खातं पुन्हा वैयक्तिक होतं किंवा नव्या कंपनीला जोडता येतं. पीएफसारखी एका खात्यातून दुसऱ्यात रक्कम हलवण्याची दगदग इथे नाही, आणि सेवा म्हणून एनपीएसचा हा गुण फार मोलाचा आहे.

कुठे अडतं

नावात. दोन्ही खात्यांच्या तक्रारींचं मूळ खोदत गेलं की नावच सापडतं. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तीन पदं. आधारवर तिन्ही, पॅनवर दोनच, पीएफला पहिल्या कंपनीने भरलेलं आद्याक्षर, बँकेत आडनाव आधी. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचा त्रास तर दुप्पट: आधार सासरच्या नावाने, पॅन आणि यूएएन माहेरच्या. नोकरी चालू असेपर्यंत हे कोणाच्या लक्षात येत नाही. दावा टाकला की नाकारला जातो. दुरुस्तीचा क्रम पाळला तर काम सुरळीत होतं: आधी आधार, मग पॅन, मग बँक, मग यूएएन, शेवटी पीआरएएन. मधूनच सुरुवात केली तर एकेक कागद दोनदा बदलावा लागतो. ज्यांचा यूएएन 1 ऑक्टोबर 2017 नंतरचा आणि आधारने पडताळलेला आहे त्यांना जानेवारी 2025 पासून नाव, जन्मतारीख यांसारख्या गोष्टी कंपनीकडे न जाता स्वतःच ऑनलाइन दुरुस्त करता येतात. त्याआधीच्यांना कंपनीबरोबर भरायच्या संयुक्त घोषणापत्राचा मार्ग आहे. आधीची कंपनी बंद पडली असेल तर हीच दुरुस्ती सगळ्यात जड जाते. म्हणून कंपनी चालू असेतोवर उरकून घ्या.

दुसरी अडचण मोबाइलची. कंपनीने दिलेलं सिम यूएएनला आणि कंपनीचा ईमेल पीआरएएनला लावलेला असतो. राजीनामा दिला की दोन्ही परत जातात आणि त्यांच्याबरोबर ओटीपीही. स्वतःचा नंबर आजच लावा.

तिसरी, नोकरी सोडल्याची तारीख. जुन्या कंपनीने ती भरली नसेल तर पीएफ हलवता येत नाही. शेवटचा हप्ता जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी सभासदाला ती पोर्टलवर स्वतः भरता येते. मग फॉर्म 13 ने जुनं खातं नव्यात आणावं. जुना पीएफ काढून खाणं हा सगळ्यात महागात पडणारा निर्णय आहे: सलग पाच वर्षांची सेवा झालेली नसेल तर रक्कम करपात्र होते, आणि फॉर्म 10सीने पेन्शनचे पैसे काढले तर ईपीएसची पेन्शन मिळायला लागणाऱ्या दहा वर्षांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

कंपनीने पीएफ कापून भरलाच नाही, असंही घडतं. भरण्याची मुदत पुढच्या महिन्याची 15 तारीख. महिन्याच्या 25 तारखेला पासबुक उघडून बघण्याची सवय लावा, सरकारच्या उमंग ॲपवरही दिसतं. मात्र कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल तर ईपीएफओच्या पासबुकात फक्त पेन्शनचा भाग दिसतो. त्याने घाबरून जाऊ नये, उतारा ट्रस्टकडे मागावा.

प्रत्यक्ष कार्यालयात जायची वेळ आलीच तर आधी सभासद क्रमांकाची सुरुवात वाचा. एमएचबीएएन (MHBAN) असेल तर वांद्रे पूर्वेचं भविष्य निधी भवन. कांदिवली, ठाणे आणि वाशीची कार्यालयं वेगळी आहेत, आणि तुम्ही राहता कुठे याचा त्याच्याशी संबंध नाही. कंपनीची नोंदणी जिथली, कार्यालय तिथलं. मुख्य कचेरी बेंगळुरूची असेल तर अंधेरीत काम करणाऱ्याचं खातंही तिकडचं असू शकतं. अर्धा दिवस रजा टाकून चुकीच्या दाराशी उभं राहण्यापेक्षा हे पाच मिनिटांत बघून होतं.

बाहेर पडताना

एनपीएसवरचा मोठा आक्षेप म्हणजे साठीला सगळा पैसा हातात येत नाही, आणि तो आक्षेप खरा आहे. पूर्वी किमान 40 टक्के रकमेची ॲन्युइटी, म्हणजे आयुष्यभराची पेन्शन, विमा कंपनीकडून घ्यावी लागे. डिसेंबर 2025 च्या नियमांनी बिगर-सरकारी सभासदांसाठी ही अट 20 टक्क्यांवर आणली आणि 8 लाखांपर्यंतचा पूर्ण पैसा काढण्याची मुभा दिली. करमाफी मात्र प्राप्तिकर कायद्यात 60 टक्के रकमेला लिहिलेली आहे, म्हणून 60 टक्क्यांच्या वर काढायचं असेल तर त्या वर्षीचा नियम बघूनच अर्ज करावा. ॲन्युइटीची पेन्शन दरवर्षी उत्पन्नात धरली जाते. पीएफचं तसं नाही. तिथली रक्कम पूर्ण हातात येते. म्हणून साठीला गृहकर्ज फेडायचं किंवा गावाकडे घर बांधायचं असेल तर तो पैसा पीएफच्या बाजूला ठेवावा.

कंपनी एनपीएस देत नसेल आणि तुम्ही नव्या प्रणालीत असाल, तर एनपीएसची घाई करू नका. आधी व्हीपीएफ, म्हणजे स्वेच्छेने कापून घेतलेला जास्तीचा पीएफ, वाढवा. तुमचा स्वतःचा हिस्सा वर्षाला अडीच लाखांच्या आत, म्हणजे महिना 20,833 पर्यंत ठेवला तर व्याज करमुक्त राहतं. त्यावरच्या भागाचं व्याज करपात्र होतं. जुन्या प्रणालीत असाल तर एनपीएसचे 50,000 आधी, मग व्हीपीएफ. आणि 1,800 वर अडकलेल्यांनी कंपनीला पूर्ण बेसिकवर पीएफ कापायला सांगून बघावं. नाहीच ऐकलं तर तुमच्या बाजूने व्हीपीएफ वाढवायला कंपनीच्या हिश्शाची गरज लागत नाही.

लग्न झालं की दोन्हीकडे नॉमिनी नव्याने भरा. पीएफचं ई-नॉमिनेशन आधारच्या सहीशिवाय पूर्ण होत नाही, नुसतं ‘सेव्ह’ करून भागत नाही. शेवटची पायरी ई-साइनची आहे आणि तिथेच बहुतेक अर्ज लटकलेले असतात.